फ्रेंच गाणी ऐकायची तर सुरुवात कुठून?

प्रश्न : हल्ली फ्रेंच शांसों, म्हणजे तिकडची शब्दप्रधान गाणी, ऐकायचा नाद लागलाय, पण हाताला लागतं ते सगळं जुन्या गायिका एदित पियाफच्या जमान्यातलं. मला जरा सॉफ्ट रॉककडे झुकणारं, पियानोवालं काहीतरी हवंय. फ्रेंचचं एक अक्षर येत नाही, चालेल ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल की! डोळे झाकून फ्रेंच गायिका व्हेरोनिक साँसोंचा 'अमूरझ' (म्हणजे 'प्रेमात पडलेली') लावा. 1972 चा, तिचा पहिला सोलो अल्बम, तेव्हा ती अवघी 22 वर्षांची होती. त्याआधी बहिणीबरोबर 'ले रोश मार्तँ' नावाच्या तिघांच्या ग्रुपमधे गायची, पण इथे गाणी तिची, पियानोवरही तीच, आणि प्रोड्युसर मिशेल बेर्जे, जो तेव्हा तिचा प्रियकरही होता.

जुन्या शांसोंमधे शब्द पुढे आणि वाजवणारे मागे असा मामला असायचा. इथे पियानो नुसती साथ करत नाही, तोच गाणं पुढे रेटतो, त्यात अमेरिकन पॉपचा ठेका आहे आणि गळा मात्र अस्सल फ्रेंच, त्यामुळे भाषा येत नसली तरी तुम्ही बाहेर राहत नाही. 'ब्झ्वाँ द पेर्सॉन' ऐका, लगेच कळेल मी काय म्हणतोय ते. आवाजातलं ते भरभर थरथरणं पहिल्यांदा खटकेल कदाचित, बऱ्याच जणांना खटकतं, पण तेवढ्यावरून बंद करू नका, मला तर आता त्याशिवाय ही गाणी सहनच होणार नाहीत. 'अमूरझ' या शीर्षकगीतातली बाई प्रियकराजवळ झोपलीय, हे आपल्याला मना आहे हेही तिला ठाऊक आहे, आणि या प्रेमाला उद्याचा दिवस दिसेल का असं स्वतःलाच विचारतेय. एवढा अर्थ माहीत असला की पुरे, बाकीचं गळाच सांगतो.

हेच शीर्षकगीत ब्रिटिश गायिका किकी डीने 1973 मधे इंग्रजीत गायलं, ब्रिटनमधे 13 व्या नंबरपर्यंत गेलं. चांगलंय तेही, पण मूळ आधी ऐका, प्लीज. आणि आवडलं तर पुढे व्हेरोनिकचाच 1972 चा दुसरा अल्बम आहे, शिवाय फ्रेंच गायिका फ्राँस्वाज आर्दीचा 1973 चा 'मेसाज पेर्सोनेल', त्यातही बेर्जेचा हात आहे.