होस्ट्स.अलाऊमधला होस्ट: यजमान की पाहुणा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधून प्रश्न आला आहे. तिथल्या वजनकाट्याचा आकडा ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना पोचवणारा छोटा सर्व्हर एका तरुणाने सी भाषेत लिहिला. कोणत्या मशीनला आकडा द्यायचा आणि कोणत्या नाही, हे त्याने लिबरॅप या तयार कोडच्या लायब्ररीवर सोपवलं आहे. ती होस्ट्स.अलाऊ (कोणाला द्यायचं) आणि होस्ट्स.डिनाय (कोणाला नाही) या दोन फायली वाचून ठरवते. काट्यावर बसणाऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक करताना त्याने ‘होस्ट ॲक्सेस कंट्रोल’चं ‘यजमान प्रवेश नियंत्रण’ केलं. काटेवाल्यांनी ते वाचून विचारलं, ‘‘यजमान म्हंजे मालक काय जी?’’ आता त्याचा मुख्य प्रश्न असा: यजमान हा शब्द बरोबर आहे का, आणि अलाऊ-डिनायसाठी परवानगी-मनाई चालेल का?

भाऊ, काटेवाल्यांची शंका रास्त आहे. यजमान हा ‘यज्’ धातूपासून आलेला शब्द. स्वतःसाठी यज्ञ करवून घेतो तो यजमान. पुढे भटजींना बोलावणारा, घरधनी, बाईच्या तोंडी नवरा, पाहुण्यांची उठबस करणारा असे अर्थ त्याला चिकटले. या सगळ्या अर्थांत यजमान आपल्या घरी असतो आणि दुसरे त्याच्याकडे येतात. आता तुमच्या होस्ट्स.अलाऊ फायलीतली ओळ बघा (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असते):

काटासेवा : १९२.१६८.१.

डावीकडे सेवेचं नाव आणि उजवीकडे होस्टची यादी. म्हणजे इथे होस्ट कोण? जे मशीन बाहेरून येऊन आकडा मागतं ते. आदरातिथ्य करणारा तर डावीकडे बसला आहे. यजमान लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात दिशा उलटते, आणि काट्यावरचा माणूस काट्याच्याच मशीनचा पत्ता त्या यादीत लिहून मोकळा होईल. हा चुकीचा शब्द नुसता कानाला खटकत नाही, तो फाईल चुकवतो.

इंग्रजीत हे का खपलं, तेही पाहण्यासारखं आहे. एप्रिल १९६९मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिलेल्या पहिल्या आरएफसीचं (नेटवर्कविषयीच्या टिपणांच्या मालिकेतल्या पहिल्या टिपणाचं) नावच ‘होस्ट सॉफ्टवेअर’ होतं. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कवर वाहतुकीचं काम आयएमपी नावाची वेगळी यंत्रं करत, आणि त्यांना जोडलेले विद्यापीठांचे मोठे संगणक म्हणजे होस्ट. त्या एकेका संगणकावर अनेकजण वेळ वाटून काम करत, म्हणून तो त्यांचा यजमान. पुढे नेटवर्कवरच्या कोणत्याही मशीनला होस्ट म्हणू लागले, मग ते सेवा देणारं असो की मागणारं. शब्दाचा जुना अर्थ झिजून गेला. (लॅटिन ‘हॉस्पेस’ या मुळातच यजमान आणि पाहुणा हे दोन्ही अर्थ आहेत, आणि फ्रेंचमधला ‘ओत’ आजही दोन्हीकडे चालतो.) मराठीतला यजमान असा झिजलेला नाही, तो अजून पुरा जिवंत आहे. म्हणून माझं मत ठाम आहे: होस्ट हा शब्द तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी ‘जोडणी मागणारं मशीन’ असं सांगून टाका. ‘पाहुणा’ही करू नका. नेटवर्कच्या इतर ठिकाणी होस्ट म्हणजे सेवा देणारं मशीनही असतं, तिथे पाहुणा अडेल.

‘ॲक्सेस कंट्रोल’ला प्रवेशनियंत्रण ठीक आहे.

खरी गोडी अलाऊ आणि डिनायमध्ये आहे, कारण इथे मराठीजवळ इंग्रजीपेक्षा जास्त शब्द आहेत आणि प्रत्येकाला जागा आहे. लिबरॅप आधी होस्ट्स.अलाऊ वाचते. तिथे जुळणारी ओळ सापडली की जोडणी मिळाली, पुढे बघणं नाही. नाही सापडली तर होस्ट्स.डिनाय वाचते, तिथे जुळलं तर जोडणी नाकारली. दोन्हीकडे काहीच जुळलं नाही तर? तरीही जोडणी मिळते. फाईल मुळात नसेल तर ती रिकामी आहे असंच धरलं जातं.

या तिसऱ्या स्थितीला ‘परवानगी’ म्हणता येत नाही. परवानगी कोणीतरी दिलेली असते, तिच्यामागे देणारा आणि बहुधा कागद असतो. कोणी अडवलं नाही म्हणून जे करता येतं, ती मुभा. अलाऊमधली ओळ ही परवानगी, डिनायमधली ओळ ही मनाई, आणि दोन्हीकडे नाव नसलेल्याला मुभा. माहितीपत्रकात हा मुभा शब्द नक्की घाला, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. अलाऊमध्ये चार पत्ते लिहिले म्हणजे बाकीचे आपोआप बंद झाले, असं वाटतं. तसं होत नाही. डिनायमध्ये ‘ऑल : ऑल’ (सगळ्या सेवा, सगळी मशीन) ही ओळ घातल्यावरच मुभा संपते आणि परवानगीला अर्थ येतो.

मनाई आणि मज्जाव यांतही भेद करा. मनाई हा नियम, तो फायलीत लिहिलेला असतो. मज्जाव ही प्रत्यक्ष कृती, दारात केलेली. तुमच्या सी कोडमध्ये ‘रिक्वेस्ट_इनिट’ने विनंतीची माहिती भरली जाते, ‘फ्रॉमहोस्ट’ने समोरच्याचा पत्ता काढला जातो आणि ‘होस्ट्स_ॲक्सेस’ शून्य परत देतं तेव्हा मनाई लागू झालेली असते. मज्जाव अजून व्हायचा असतो, तो तुम्ही करायचा. त्यासाठी ‘रिफ्यूज’ हे फंक्शन आहे, पण त्याच्या नावावर जाऊ नका. ते नकाराची नोंद करून सगळी प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅमच, संपवतं. दर जोडणीला फोर्क करून वेगळी प्रोसेस काढत असाल तर बरोबर. एकाच प्रोसेसमध्ये सगळे ग्राहक सांभाळत असाल तर एका अनोळखी मशीनपायी अख्खा काटा बंद पडेल, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. तिथे रिफ्यूज न वापरता नोंद करा आणि तेवढंच सॉकेट, म्हणजे ती एक जोडणी, बंद करा.

पत्त्याच्या शेवटी असलेला टिंब कसा समजावायचा, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. ‘१९२.१६८.१.’ म्हणजे या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते. टिंब सुरुवातीला असेल तर त्या डोमेनने संपणारी सगळी नावं. आपल्या भागात लग्नाचं आवतन घरटी एक असतं किंवा चूलबंद असतं; चूलबंद म्हटलं की त्या घरातले लहानथोर सगळे आले. टिंब म्हणजे चूलबंद आवतन, आणि पूर्ण पत्ता म्हणजे एकाच माणसाचं. काट्यावरच्या लोकांना यापेक्षा सोपं काही सांगावं लागणार नाही. यादीतून काही पत्ते वगळणाऱ्या ‘एक्सेप्ट’ (except) या शब्दासाठी ‘सोडून’ लिहा; ‘वगळता’पेक्षा ते लवकर कळतं.

लिबरॅप ही टीसीपी रॅपर या प्रोग्रॅमची लायब्ररी. त्यातल्या ‘रॅपर’ला आवरण, वेष्टन असले शब्द शोधू नका, नाव आहे तसं राहू द्या. त्यामागची गोष्ट मात्र सांगतो. विएत्से वेनेमा यांनी टीसीपी रॅपर १९९०मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोव्हेन तंत्रज्ञान विद्यापीठात लिहिलं, कारण एक घुसखोर तिथल्या मशीनमध्ये शिरून डिस्कवरचं सगळं पुसून जात होता. तो येतो कुठून हे आधी कळायला हवं होतं. म्हणून सेवेच्या पुढे एक छोटा प्रोग्रॅम बसवला: येणाऱ्याचं नाव टिपायचं आणि मग खऱ्या सेवेला बोलवायचं. पहिलं काम नोंद ठेवण्याचं होतं, अडवणं त्यापाठोपाठ आलं. म्हणून तुमच्या पत्रकात ‘नाकारलेल्या जोडण्यांची नोंद’ हा भाग शेवटी टाकू नका, वर आणा. सिसलॉगमधली (सिस्टिमच्या नोंदवहीतली) ती ओळ वाचता येणं हेच काट्यावरच्या माणसाच्या रोजच्या उपयोगाचं.

शब्दांच्या बाहेरचं, पण सांगायला हवं. दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमने २०१४च्या ६.७ आवृत्तीत लिबरॅपचा आधार काढून टाकला आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून ते पॅकेजच गेलं. तुमच्या सिस्टिमवर लायब्ररी आहे तोवर चालेल, पण तोच नियम फायरवॉलमध्येही लिहून ठेवा. आणि पत्ता जुळला म्हणजे माणूस ओळखला असं नव्हे. वजनात फेरफार करता येईल अशी कुठलीही कमांड निव्वळ पत्त्याच्या भरवशावर सोडू नका.

पत्रकासाठी मजकूर असा सुचवतो: ‘‘काट्याचा आकडा मागणाऱ्या मशीनला इथे होस्ट म्हटलं आहे. ज्या होस्टला परवानगी द्यायची त्याचा पत्ता होस्ट्स.अलाऊमध्ये लिहा. होस्ट्स.डिनायमध्ये सगळ्यांना मनाई लिहिलेली आहे, ती ओळ पुसू नका. पुसली तर यादीत नसलेल्या मशीनलाही आकडा पाहण्याची मुभा मिळेल.’’