सेप्टिक शॉकमध्ये रक्त गोठतं, तर मग रक्त पातळ करायचं औषध का देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की बाबा सेप्टिक शॉकमध्ये (म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी धोकादायक खाली जातं ती अवस्था) आयसीयूत आहेत, डॉक्टर म्हणाले बारीक नसांमध्ये रक्त गोठतंय, मग पातळ करायचं औषध का देत नाहीत. मी अकरा वर्षं आयसीयूत सिस्टर आहे, नातेवाईक हे नेहमी विचारतात आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण संशोधकांनीही हेच करून बघितलंय.

आपल्या रक्तात प्रोटीन सी असतं, ते गुठळी होऊ देत नाही, सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने अख्खं शरीर बिघडतं तेव्हा, ते कमी पडतं. म्हणून एली लिली कंपनीने त्याचंच औषध बनवलं, झायग्रिस. २००१ मध्ये १६९० पेशंटच्या ट्रायलचा रिझल्ट आला, २८ दिवसांतले मृत्यू ३०.८ टक्के होते ते औषधाने २४.७ वर आले, सगळ्यांना केवढी आशा वाटली! पण नंतर खास शॉकच्या जवळपास १७०० पेशंटवर परत ट्रायल झाली तर औषधवाले २६.४ टक्के गेले आणि बिनऔषधाचे २४.२, म्हणजे फायदा काहीच नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. अँटिथ्रॉम्बिन म्हणजे गुठळी रोखणारं रक्तातलंच दुसरं प्रोटीन, त्याच्या ट्रायलचंही तसंच, २३०० च्या वर पेशंट होते, मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला.

का ते मी रोज बघते. पेशंटची बोटं टोकाला काळीजांभळी पडलेली असतात आणि त्याच हाताला सुई टोचलेल्या जागेतून रक्त पाझरत असतं, पट्टी बदलली की थोड्या वेळात परत भिजलेली. गुठळ्या करण्यातच प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी) आणि गोठवणारे घटक खर्च होऊन जातात, मग बाकी ठिकाणी रक्त थांबवायला काही उरतच नाही. अशा माणसाला रक्त पातळ करायचं जोराचं औषध दिलं आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर काय करणार? शिवाय काही गुठळ्या शरीर जंतूंना अडकवायलाच करतं.

बाबांना पोटावर छोटं इंजेक्शन देत असतील तर ते बहुतेक हेपरिन असेल, पण तो डोस कमी असतो, पडून राहिल्याने पायात गुठळी होऊ नये म्हणून, शॉकसाठी नाही. आणि प्लेटलेट फार कमी असतील तर तेही थांबवतात, घाबरू नका.

उद्या राउंडला डॉक्टर भेटले की आधी हे विचारा, इन्फेक्शन नेमकं कुठून आलं ते सापडलं का, पू साठलाय का आणि असेल तर कधी काढणार, कल्चरचा (कोणता जंतू आहे त्या तपासणीचा) रिपोर्ट बघून अँटिबायोटिक बदललं का. मग प्लेटलेट, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारा एक घटक) आणि लघवी किती होतेय ते विचारा.