वाचकांचे प्रश्न : गोठ्याशेजारचा डॉज पुन्हा रस्त्यावर आणताना

प्रश्न : आमच्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावातून निघालेला डॉज ‘वेपन कॅरियर’ हा अमेरिकन बनावटीचा लष्करी ट्रक लाकडाच्या वखारीसाठी विकत घेतला होता. गेली २३ वर्षे तो गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा आहे. इंजिन मूळचे पेट्रोलचेच आहे, पण जाम झाले आहे आणि ब्रेकचे पेडल दाबले की थेट खाली जाते. सुटीच्या दिवशी घरीच काम करून तो चालता करावा अशी इच्छा आहे. गावातले मिस्त्री म्हणतात, आधी सगळी गाडी खोलून सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज व जुना रंग काढणे) आणि रंग करा, इंजिन काढून डिझेलचे बसवा. आम्ही सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, विटा

उत्तर : आपल्या मिस्त्रींचा अनुभव मोठा असेल, परंतु या दोन्ही सल्ल्यांशी मी सहमत नाही. घरी सुरू केलेली अशी बहुतेक कामे बंद पडतात ती सगळी गाडी एकदम खोलल्यामुळे. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे कोणालाच आठवत नाही आणि गाडी शेवटी पोत्यांत भरून भंगारात जाते. एका वेळी एकच भाग खोलावा, तो पूर्ण करून जागेवर बसवावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा.

प्रथम गाडी ओळखा. डॉजने १९४२ ते १९४५ या काळात पाऊण टनी मालिकेतल्या दोन लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. त्यांतील डब्ल्यूसी-५१ या मॉडेलला विंच (दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र) नसे, तर डब्ल्यूसी-५२ ला पुढच्या बंपरमागे विंच असे आणि त्यासाठी चेसिसही पुढे वाढवलेली असे. इंजिनचा क्रमांक ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूस ठोकलेला असतो आणि तो मूळचा असल्यास ‘टी-२१४’ ने सुरू होतो. हा क्रमांक आणि चेसिसवरचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहा व दोन्हींचे फोटो काढून ठेवा. चेसिसवरील क्रमांक सँडब्लास्टिंगमध्ये पुसट झाला, तर पुढे आरटीओत गाडी आपलीच आहे हे सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

इंजिन सहा सिलिंडरचे, सुमारे ३,७७० सीसीचे व ९२ अश्वशक्तीचे असून त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, उजव्या अंगाला असतात. जाम इंजिन स्टार्टरने किंवा गाडी ओढून फिरवण्याचा प्रयत्न कृपा करून करू नका, कारण त्यात पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि दुरुस्त होणारे इंजिन कायमचे जाते. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइलचे मिश्रण ओता आणि आठ-दहा दिवस तसेच राहू द्या. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढून इंजिन फिरवायच्या हँडलने हलकेच झोके द्या. केसभर हलले तरी थांबा, पुन्हा तेल सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. पिस्टन सुटल्यावरही मॅनिफोल्डखालची (इंजिनाच्या बाजूच्या धूर-हवेच्या नळ्यांखालची) टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दट्ट्यांची, झाकणे काढून प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतो की नाही हे डोळ्यांनी पाहा.

याच इंजिनात एक भाग असा आहे, ज्याकडे हमखास दुर्लक्ष होते. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत, लांबीभर जाणारी पत्र्याची एक चपटी नळी असते. थंड पाणी व्हॉल्व्हच्या बैठकींपर्यंत पोहोचवणे हे तिचे काम. इतक्या वर्षांत ती गंजून चाळणी झालेली असते, त्यामुळे पाणी पुढच्या पुढेच फिरते, मागचे सिलिंडर तापतात आणि लोक मात्र रेडिएटरवर खर्च करत बसतात. रेडिएटर व पंप काढून ही नळी ओढून बाहेर काढा. गंजलेली नळी तुकड्यातुकड्यांनी निघते, तेव्हा घाई करू नका. माझ्या मते ही नळी बदलल्याशिवाय हे इंजिन सुरू करण्यात अर्थ नाही.

पण या सगळ्यापेक्षा ब्रेक महत्त्वाचे आहेत. या गाडीच्या चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा पंप) आणि एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला की पायाखाली काहीच उरत नाही. हँडब्रेकही चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) असतो. म्हणून पाइप, होज, मास्टर सिलिंडर व व्हील सिलिंडरची रबरे सरसकट नवी घ्या. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या अस्तरामध्ये) ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, ती ओल्या फडक्याने पुसून घ्या.

ड्रम काढण्यासाठी चाके उतरवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, त्यामुळे नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास स्टड तुटतो. दुसरे म्हणजे, ९.००-१६ च्या टायरची मूळची रिम दोन भाग बोल्टने जोडून केलेली असते. ट्यूबमधली हवा व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण सोडल्याशिवाय त्या जोडाच्या बोल्टला पाना लावला, तर रिमचा तुकडा गोळीसारखा उडतो. हे काम मुलांना करू देऊ नका.

वायरिंगबद्दल थोडक्यात सांगतो : लष्करी रेडिओ बसवलेल्या गाड्या वगळता ही गाडी ६ व्होल्टची आहे आणि तिला १२ व्होल्टच्या गाडीपेक्षा बऱ्याच जाड केबल लागतात. बारीक केबलमुळे स्टार्टर मंद फिरतो आणि दोष बॅटरीवर जातो.

डिझेल इंजिनचे म्हणाल, तर पेट्रोल परवडत नसल्यामुळे अनेकांनी या गाड्यांत पर्किन्स कंपनीची डिझेल इंजिने बसवली आणि त्या काळी ते योग्यच होते. आपल्याला मात्र तिच्यावर वखार चालवायची नाही. मूळ इंजिन जागेवर असलेले डॉज आता कमी उरले आहेत, शिवाय इंजिन व इंधन बदलायचे तर आरटीओची रीतसर परवानगी लागते. ते इंजिन काढू नका.

प्रश्न : माझ्याकडे अशीच जुनी लष्करी गाडी आहे. तिला मूळचा लष्करी हिरवा रंग देता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे हाच लष्करी हिरवा, रंग देता येत नाही. जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्याला हे खटकते, मलाही खटकते, परंतु रस्त्यावर न्यायची गाडी असेल तर करडा किंवा मातकट रंग निवडावा आणि आरसी बुकात नोंदवून घ्यावा. गाडी डाव्या स्टिअरिंगची असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतील सिग्नल देणारे साधनही तिच्यावर हवे.

रंग देण्यापूर्वी सीटखालचा आणि डॅशबोर्डच्या आतला पत्रा ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून पाहा. वरचे थर गेले की मूळचा रंग दिसतो, क्वचित पांढऱ्या अक्षरांतला एखादा आकडाही. तेवढा तळहाताएवढा भाग मास्किंग टेप लावून झाका आणि त्यावर नवा रंग जाऊ देऊ नका.