मोनो रेडसमोर ब्लू-व्हाइट कंट्रोल: सगळंच काउंटर करत बसू नकोस

मॅजिक या कार्ड गेमसाठीच्या तुझ्या ब्लू-व्हाइट कंट्रोल डेकची (समोरच्याला रोखत गेम लांबवून जिंकणारा डेक) लिस्ट बघितली. ६० कार्डांत २२ लँड (यातून माना, म्हणजे कार्ड खेळायची ताकद मिळते), १२ काउंटर (समोरचा कार्ड खेळतानाच ते रद्द करणारी), सहा मोठे क्रिएचर (हल्ला करणारे), चार रॅथ ऑफ गॉड (टेबलवरचे सगळे क्रिएचर मारणारं), बाकी ड्रॉ (जास्तीची कार्डं ओढून देणारी) वगैरे, आणि तरी मोनो रेडवाला (फक्त रेड कार्डांचा, झटपट मारा करणारा डेक) मित्र दर वेळी धुतो म्हणतोस. अजून काउंटर घालू का विचारलंयस, तर नको, उलट आहेत त्यातले चार काढ आणि त्या जागी चार लँड घाल.

कारण बघ, पहिली टर्न त्याची असेल तर तुझी दोन लँड टेबलवर येईपर्यंत त्याचे दोन क्रिएचर उतरलेले असतात, आणि उतरलेल्या क्रिएचरला काउंटरस्पेल (दोन मानाचं काउंटर) काहीही करू शकत नाही. तिथे स्वोर्ड्स टू प्लाऊशेअर्स लागतं, एक व्हाइट माना, क्रिएचर गायब, त्या क्रिएचरच्या पॉवरएवढं लाइफ (हे शून्यावर गेलं की खेळाडू हरतो) मित्राला मिळतं, मिळू दे. सहातले चार मोठे क्रिएचर काढून तिथे चार स्वोर्ड्स टाक. ओरिजिनल घ्यायला हवेत असं नाही, आमच्या वाशीच्या रविवारच्या ग्रुपमध्ये प्रिंट काढून स्लीव्हमध्ये घातलेली कार्डं सगळेच खेळवतात, मी ठाण्याहून ट्रेनने येताना निम्मा डेक असलाच घेऊन येते.

लँडचा हिशोब पण करून टाकू. तू पहिला खेळत असशील तर चौथ्या टर्नला तू एकूण १० कार्डं बघितलेली असतात. २२ लँड असतील तर त्यात सरासरी ३.७ येतात, २६ असतील तर ४.३, आणि रॅथला चार माना लागतात, आता तूच बघ. चार रॅथमधलं एक तरी तोवर हातात येण्याची शक्यता साधारण ५३ टक्केच आहे, म्हणून थिंक ट्वाइससारखं ड्रॉ काढायचं नाही, कितीही फालतू वाटलं तरी.

आता खेळताना. समज तुझी तीन लँड मोकळी आहेत, हातात काउंटरस्पेल आणि रॅथ, समोर दोन क्रिएचर, आणि तो तिसरं टाकतोय. इथे नव्या कंट्रोलवाल्याचा हात शिवशिवतो. सोडून दे! चार-पाच लाइफ जाईल, जाऊ दे, पुढच्या टर्नला चौथं लँड टाकून रॅथ मारलंस की तुझ्या एका कार्डात त्याची तीन गेली आणि काउंटर अजून हातातच. सहा लँड झाली की रॅथ मारूनही दोन माना उरतात, मग त्याच्या पुढच्या कार्डालाही काउंटर करता येतं.

शहाणा असेल तर तो दोनच क्रिएचर ठेवून बाकीचे हातात दाबून बसेल. दोघं मिळून दर टर्नला चार मारत असतील तर दोघांवरच रॅथ मार, लोभ नको, पण दोनच मारत असतील तर थांब, त्याच्या टर्नच्या शेवटी थिंक ट्वाइस खेळत राहा, थांबण्यात फायदा तुझाच आहे.

लाइटनिंग बोल्टचं (तीन डॅमेज देणारं रेड कार्ड) पण तसंच. तू १४ लाइफवर असताना तीन डॅमेजसाठी काउंटर घालवणं वेडेपणा आहे, पण सहावर आलास की दोन बोल्टमध्ये खेळ खल्लास, तिथून पुढे तोंडावर येणारं काहीही सोडू नकोस.

आणि हातात काउंटर नसेल तरी दोन आयलंड (ब्लू माना देणारी लँड) मोकळी ठेवून बस, चेहरा तोच ठेव, आणि त्याने कार्ड टाकलं की दर वेळी सारखाच वेळ घे, कारण काउंटर असताना विचार करायचा आणि नसताना पटकन ‘ओके’ म्हणायचं ही सवय समोरच्याला लगेच कळते.

उरलेल्या दोन मोठ्या क्रिएचरपैकी एक काढून तेफेरी, हीरो ऑफ डॉमिनेरिया घाल. पाच मानाचा आहे, पण त्याची प्लस वन ही क्षमता वापरलीस की एक कार्ड मिळतं आणि टर्नच्या शेवटी दोन लँड परत अनटॅप (वापरायला मोकळी) होतात, म्हणजे सगळं टॅप करूनही (वापरूनही) काउंटरस्पेलची सोय राहते. साइडबोर्डात (दोन गेमच्या मध्ये बदलून घालायची राखीव कार्डं) टाइमली रीइन्फोर्समेंट्स ठेव, तीन माना, तू मागे असशील तर सहा लाइफ आणि तीन सोल्जर, रेडवाले शिव्या घालतात याला.

फिनिशर (गेम जिंकून देणारी कार्डं) दोनच राहिलेत म्हणून घाबरू नकोस, फक्त स्पर्धेत जाशील तेव्हा भरभर खेळ, राउंड ५० मिनिटांचा असतो आणि बरोबरी झाली तर एकच पॉइंट मिळतो. बदललेली लिस्ट टाक, ड्रॉच्या कार्डांचं मग बघू.