मेडिकलात बसून पोरगी काय करणार?

वाई तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्स झाली, तिला डी. फार्म. (औषधनिर्माणाची पदविका) करून गावात मेडिकल टाकायचंय. कारण घरातलंच. तिच्या चुलतबहिणीला बाळंतपणानंतर छातीत गाठ होऊन ताप आला. चिठ्ठीवरचं अँटिबायोटिक देताना दुकानदार म्हणाला, 'कोर्स संपेपर्यंत अंगावर पाजू नका.' दूध आटलं, बाळ डब्यावर गेलं. मुलगी म्हणते, मी काउंटरवर असते तर असं होऊ दिलं नसतं. घरचे म्हणतात, गोळ्या विकायला दोन वर्षं कशाला घालवायची? त्यापेक्षा नर्सिंग कर.

ताई, नमस्कार.

तुमची लेक बरोबर बोलतेय. अशा गाठीत पाजणं थांबवायचं नसतं. दूध तुंबलं की दुखणं वाढतं, पू होण्याची भीती असते. आणि डॉक्टर त्यावर देतात ती बहुतेक अँटिबायोटिक्स पाजणाऱ्या आईला चालतात.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका मेडिकलात मी उभा होतो. एक तरुण आला, 'सर्दीची गोळी द्या.' काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, 'कुणाला?' 'मिसेसला.' 'बाळ अंगावर पितंय का?' तो गडबडला. 'हो, वीस दिवसांचं आहे.' बाईंनी काढलेलं पाकीट परत ठेवलं. सर्दीच्या काही गोळ्यांत झोप आणणारं औषध असतं, त्याने तान्हं बाळही पेंगतं. नाक मोकळं करणाऱ्या सुडोएफेड्रिनने दूध कमी होऊ शकतं. त्यांनी साधी पॅरासिटामॉल दिली, वाफ घ्यायला सांगितलं. बिल झालं असेल दहा-पंधरा रुपयांचं.

या सल्ल्याचे वेगळे पैसे आपल्याकडे कुणी देत नाही, हे लेकीला आत्ताच सांगा. उलट डबा विकला तर चार पैसे सुटतात. सासू येते, 'दूध पुरत नाही, पावडरचा डबा द्या.' तेव्हा डब्याला हात घालण्याआधी विचारायचं, बाळ दिवसातून किती वेळा लघवी करतं? पहिल्या आठवड्यानंतर सहा-सात वेळा होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध बहुधा पुरतंय. तसं नसेल तर लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. डब्याची जाहिरात आणि फुकट नमुने यांना १९९२च्या कायद्याने बंदी आहे. तिने दुकान टाकलंच, तर हा कायदा तोंडपाठ हवा.

आता शिक्षण. डी. फार्म. दोन वर्षांचं, त्यावर किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग एक्झिट परीक्षा आणि राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. पुढे शिकावंसं वाटलं तर बी. फार्म. या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दवाखान्यात डॉक्टरांबरोबर औषधांवरच काम करायचं असेल तर फार्म. डी. आहे, पण तो सहा वर्षांचा. तिला गावातच राहायचंय, तर मी डी. फार्म.ला हो म्हणेन. नर्सिंग चांगलंच आहे, पण ते तिने मागितलेलं नाही.

एक मात्र पक्कं. नोंदणीचं सर्टिफिकेट भाड्याने द्यायचं नाही. भिंतीवर एकाचं नाव आणि गोळ्या देणारा दुसराच, अशा दुकानात बाळाबद्दल विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि चिठ्ठीतलं औषध तिनेही परस्पर बदलायचं नाही. शंका आली की डॉक्टरांना फोन.

फॉर्म भरण्याआधी तिला ओळखीच्या मेडिकलात पंधरा दिवस संध्याकाळी उभी राहू द्या. बाळंतिणीचं औषध न्यायला कोण येतं, तेवढंच वहीत टिपू दे. बहुतेकदा नवरा, नाहीतर सासू. बाळंतीण घरात, खाटेवर. म्हणजे लेकीचा सल्ला दुसऱ्याच्या तोंडून घरी जाणार, आणि वाटेत निम्मा सांडणार. पाकिटावर पेनाने नेमकं काय लिहून द्यायचं, याचा विचार तिने तेव्हापासूनच सुरू करावा.