शब्दचर्चा: ‘न जुळणाऱ्या ओळी’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसमधील माहिती शोधण्याच्या भाषेच्या, प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी मसुदा तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, एकाच तक्त्यातील दोन वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर मिळणाऱ्या ओळींना ‘समान’ आणि ‘असमान’ म्हणावे, ‘जुळणाऱ्या’ आणि ‘न जुळणाऱ्या’ म्हणावे, की दुसऱ्या गटासाठी ‘विसंगत’ हा शब्द योजावा. त्यांचे उदाहरण ग्रंथालयाच्या सभासदांचे आहे: तक्त्यात वर्ष, सभासद क्रमांक, नाव, पत्ता आणि दूरध्वनी असे रकाने असून 2023 च्या नोंदी 2024 च्या नोंदींशी ताडायच्या आहेत.

‘समान’ हा शब्द येथे हवे त्यापेक्षा अधिक सांगतो. वर्षाचा रकाना मुळातच वेगळा असल्यामुळे या ओळी पूर्णांशाने समान कधीच नसतात. आपण काही रकाने धरतो, काही सोडतो. ‘जुळणे’ या क्रियापदात ही मोकळीक आहेच, कारण पत्रिका जुळली म्हणताना छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले असे कोणी समजत नाही. तेव्हा ‘जुळणारी ओळ’ हा प्रयोग निःशंकपणे करावा. मसुद्यातील ‘क्रमांकावर जुळवा’ ही रचना मात्र एसक्यूएलमधील ‘ऑन’ या इंग्रजी शब्दाची सावली आहे, मराठीत आपण ‘क्रमांक धरून जुळवा’ असे म्हणतो.

खरी अडचण ‘न जुळणाऱ्या’ या शब्दाची आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एखाद्या सभासदाची नोंद दोन्ही वर्षांत आहे, पण पत्ता नाशिकचा होता तो पुण्याचा झाला. दुसऱ्याने 2024 मध्ये वर्गणीच भरली नाही, त्यामुळे त्याच्या जुन्या ओळीला जोडीच नाही. पहिल्या प्रकाराला ‘विजोड’ हा शब्द चपखल बसतो, कारण विजोड ठरायला आधी जोडी असावी लागते. दुसऱ्यासाठी ‘अजोड’, ‘बेजोड’ किंवा ‘बिनजोड’ सुचेल, पण हे तिन्ही शब्द मराठीत गौरवाचे झाले आहेत. वर्गणी थकवणाऱ्या सभासदाला बिनजोड पैलवानाच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नाही. मी ‘एकांडी ओळ’ म्हणेन. एकांड्या शिलेदारामुळे हा शब्द वाचकाच्या कानाला परका वाटणार नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, तो क्वेरीतही, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातही, उतरतो. तक्ता स्वतःशीच जोडून, म्हणजे सेल्फ जॉइन करून, सभासद क्रमांक धरला आणि दोन पत्ते भिन्न असावेत अशी अट घातली की विजोड ओळी मिळतात. एकांड्या ओळींसाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ (जोडी नाही ना, हे पाहणारी अट) किंवा ‘लेफ्ट जॉइन’ (जोडी नसली तरी पहिल्या बाजूची ओळ राखणारी जोडणी) लागतो. लेफ्ट जॉइनमध्ये 2024 ची अट ‘ऑन’मध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीतच, ठेवावी लागते, ती ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, गेली तर ज्या एकांड्या ओळी शोधायच्या त्याच गळून पडतात. ‘एक्सेप्ट’ (पहिल्या यादीतून दुसरीतल्या ओळी वगळणारी क्रिया) मात्र निवडलेले सर्व रकाने एकदम पाहत असल्याने विजोड आणि एकांड्या ओळी एकाच ढिगात टाकतो, आणि वर्षाचा रकाना निवडीत राहिला तर काहीच जुळत नाही. ओरॅकल या डेटाबेस-प्रणालीत हेच काम ‘मायनस’ करीत आला आहे, तर मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत ‘एक्सेप्ट’ 2022 मध्ये, 8.0.31 या आवृत्तीत आला. पुस्तिकेत ‘एक्सेप्ट’च्या प्रकरणात ‘न जुळणाऱ्या’ हा मोघम शब्दच बरोबर ठरेल, कारण तेथे यंत्रणाही तितकीच मोघम आहे.

‘विसंगत’ हा शब्द येथे नको. विसंगतीत दोष गृहीत असतो, आणि घर बदलणे हा नोंदीतील दोष नव्हे. एकाच वर्षी एकाच क्रमांकापुढे दोन वेगळी नावे असतील, तर त्या नोंदींना खुशाल विसंगत म्हणावे.

राहिला ‘नल’चा, म्हणजे रकान्यात काहीच नोंद नसल्याच्या खुणेचा, प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. दूरध्वनीचा रकाना दोन्ही वर्षी नल असेल, तर ‘बरोबर’ची खूण त्या दोन ओळी जुळतात असे म्हणत नाही, आणि ‘बरोबर नाही’ची खूणही त्या जुळत नाहीत असे म्हणत नाही, दोन्हींचे उत्तर ‘अज्ञात’ येते आणि ओळ दोन्ही याद्यांतून निसटते. ‘एक्सेप्ट’ आणि ‘इंटरसेक्ट’ (दोन्ही याद्यांतल्या सामाईक ओळी देणारी क्रिया) मात्र दोन नल एकच मानतात, आणि एसक्यूएलच्या 1999 च्या मानकात आलेला ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ हा प्रयोगही तसेच मानतो. त्यामुळे ‘जुळणाऱ्या नाहीत त्या सर्व न जुळणाऱ्या’ हे मसुद्यातील वाक्य मराठी म्हणून निर्दोष असले तरी एसक्यूएलपुरते चुकीचे आहे. अशा ओळींसाठी नवे विशेषण घडवू नये. ‘दूरध्वनीची नोंद नसल्यामुळे तुलना झाली नाही’ असे सरळ वाक्य लिहावे.