मंदीत सरकारने कमीत कमी हस्तक्षेप करावा, या म्हणण्याला खरंच काही आधार आहे का?

आहे, आणि तो विचारसरणीपेक्षा वेळापत्रकात जास्त आहे.

मंदी सुरू झाली हे कळायलाच उशीर होतो. अमेरिकेतली मंदी डिसेंबर २००७ पासून धरली जाते, पण तसं अधिकृतपणे जाहीर झालं डिसेंबर २००८ मध्ये. फेब्रुवारी २००९ मध्ये सुमारे ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज मंजूर झालं आणि जून २००९ मध्ये मंदी संपलीही. रस्ते-पुलांचा बराचसा पैसा त्यानंतर बाहेर पडला, कारण आराखडे, परवाने आणि निविदा मंदी आहे म्हणून लवकर उरकत नाहीत. बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर होती, तेव्हा तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. पण घसरण थांबवायला तो वेळेवर पोचला नाही.

झटपट पोचणाऱ्या योजनांची अडचण वेगळी. त्याच वर्षी जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांना अनुदान मिळालं, त्यावर सुमारे ३ अब्ज डॉलर गेले. जुन्या गाडीतलं तेल काढून इंजिनात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि जाम होईपर्यंत ते चालवायचं, असा नियमच होता. म्हणजे चालू इंजिनं सरकारी खर्चाने निकामी केली! योजना संपताच विक्री घसरली, कारण अनेकांनी पुढे घ्यायचीच असलेली गाडी फक्त आधी घेतली होती.

माझ्या मते सर्वांत महाग पडते ती बुडणाऱ्या कंपन्यांना तगवून ठेवण्याची सवय. जपानमध्ये १९९० नंतर बँकांनी तोटा दाखवायला लागू नये म्हणून फेड न करू शकणाऱ्या कंपन्यांची कर्जं पुढे ढकलली, आणि नियामकांनी बराच काळ ते चालू दिलं. या कंपन्या बाजार अडवून बसल्या. त्यांची गर्दी असलेल्या क्षेत्रांत धडधाकट कंपन्यांची गुंतवणूक आणि नोकरभरतीही मंदावली.

मर्यादित हस्तक्षेपात काय उरतं? आपोआप चालणाऱ्या गोष्टी: बेकारी भत्ता, आणि उत्पन्न घटलं की घटणारा कर. त्यांना नव्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. जलद चालणारा दिवाळखोरी कायदा हवाच. आणि घाबरलेल्या ठेवीदारांनी एकदम पैसे काढायला बँकांत गर्दी केली तर मध्यवर्ती बँकेने त्या बँकांना चांगल्या तारणावर, चढ्या व्याजाने, पण हात न आखडता कर्ज द्यावं. १९२९ ते १९३३ दरम्यान अमेरिकेतला पैशाचा पुरवठा जवळपास एक तृतीयांशाने घटला. तिथे गप्प बसणं हे धोरण नव्हे, दुर्लक्ष होतं.

या बाजूने वाद घालणारे १९२०-२१ च्या अमेरिकी मंदीचा दाखला हमखास देतात: सरकारी खर्च कापला, तरी अर्थव्यवस्था लवकर सावरली. हा दाखला जपून वापरा. ती मंदी येण्यात ७ टक्क्यांपर्यंत चढवलेल्या व्याजदराचा मोठा वाटा होता, आणि १९२१ मध्ये तोच दर उतरवायला सुरुवात झाली होती.